आत्या, गाणं सुरू कधी होणार?

मागच्या महिन्यात माझा भाचा आठवडाभर राहायला आला होता. सतरा वर्षांचा आहे, दिवसभर फोन हातात, आणि त्या फोनमधून दर पाच मिनिटांनी एकच धून ऐकू यायची. आधी एक सूर कुठूनतरी खोलातून फुगत फुगत वर येतो आणि कापल्यासारखा तुटतो, मग गिटारची तार टिंग करते, थोडी छेडछाड होते आणि मग धाडकन बेस आत घुसतो, बरोब्बर त्या क्षणी व्हिडिओतलं चित्र गोठतं, कोपऱ्यात 'टू बी कंटिन्यूड'चा बाण येतो आणि हा खो खो हसतो. कुणीतरी जिन्यावरून पडणार असतं, कुणाच्या हातातून बादली निसटणार असते, बरोब्बर त्याच्या आधी.

मी आतून ओरडले, अरे हे येस बँडचं राउंडअबाउट आहे! तर म्हणाला, "नाही गं आत्या, हे जोजोचं आहे." तसं दोघांचंही बरोबर होतं. जोजो नावाच्या जपानी ॲनिमे सिरीजने 2012 मध्ये हे गाणं एपिसोडच्या शेवटी वापरलं, तिथून ते मीममध्ये गेलं आणि जगभरच्या पोरांच्या फोनमध्ये जाऊन बसलं. गाणं मात्र 1971 चं. आणि त्या बाणाच्या पुढे अजून साडेसात मिनिटांच्या वर गाणं आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

"मग पुढे काय होतं?"

हातातलं काम तिथंच टाकलं आणि स्पीकर लावला. गेली तीस वर्षं मी हे सत्तरच्या दशकातलं रॉक संगीत ऐकतेय, लोक मला विचारतात की त्या जुन्या लांबलचक गाण्यांत काय आहे एवढं, आणि मला कधी धड उत्तर देता आलं नाही. ह्या पोराने उत्तरच प्रश्नासारखं विचारलं. पुढे काय होतं. बस, एवढंच आहे ते.

आधी त्याला तो सुरुवातीचा फुगणारा आवाज नीट ऐकवला. तो पियानो आहे, फक्त उलटा. पियानोची पट्टी दाबली की आवाज आधी ठण्णकन येतो आणि मग हळूहळू विरतो, पण टेप उलटी चालवली की तोच आवाज शून्यातून उगवतो, मोठा मोठा होत जातो आणि हातोडी तारेवर जिथे पडली होती त्या जागी एकदम संपतो. त्या संपण्याच्या जागेवरच गिटारचा पहिला सूर ठेवलाय. भाच्याने हे शंभर वेळा तरी ऐकलं असेल, पण आता परत लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "हो गं, हातोडी शेवटी पडते." मग बेस घुसला तेव्हा हवेत बोटाने बाण काढला, आणि गाणं बाणाला ओलांडून पुढे गेलं तसा गप्प झाला. मध्ये एका जागी सगळा धबडगा थांबतो आणि ती सुरुवातीची शांत गिटार परत येते, तिथे त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू ओळखीचं माणूस परक्या गावात भेटलंय.

मग माझा उत्साह वाढला आणि मी लगेच पिंक फ्लॉइड बँडचा 1975 चा अल्बम विश यू वर हिअर लावला. पहिलंच गाणं शाइन ऑन यू क्रेझी डायमंड. सिंथेसायझरचा एक लांब पसरलेला आवाज, धुक्यासारखा, त्याच्यात काचेच्या ग्लासांच्या कडांवरून बोट फिरवून काढलेले सूर मिसळलेत, मग गिटार अगदी आरामात काहीतरी बोलायला लागते. तिसऱ्या मिनिटाला भाच्याने विचारलं, "आत्या, गाणं सुरू कधी होणार?"

मी म्हटलं शब्द येतील साडेआठ मिनिटांनी. तो उडालाच. पण गाणं तर केव्हाच सुरू झालंय ना. ज्यांनी बैठकीत बसून आलाप ऐकलाय त्यांना हे सांगावं लागत नाही, आलाप चालू असताना कुणी विचारत नाही की आता बंदिश कधी, कारण राग तिथेच उलगडत असतो, बंदिश आली की तो आपल्या ओळखीचा झालेला असतो. इथेही तेच आहे. चौथ्या मिनिटाच्या आसपास गिटारवर चार सूर येतात, फक्त चार, एकमेकांपासून लांब उभे असलेले, आणि ते हवेत तसेच लटकत राहतात, पूर्ण होत नाहीत. बँडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर, त्याच्या बोटांतून ते चार सूर सहज निघाले आणि त्यातून हे सगळं गाणं उभं राहिलं. गाणं आहे सिड बॅरेटवर, ज्याने हा बँड सुरुवातीला उभा केला आणि जो मनाने ढासळत गेल्यामुळे 1968 मध्ये बाहेर पडला. 5 जून 1975 ला, ह्याच अल्बमचं काम चालू असताना, स्टुडिओत एक जाडसर माणूस येऊन उभा राहिला, डोकं आणि भुवया भादरलेल्या, आणि बराच वेळ कुणी त्याला ओळखलंच नाही. तो सिड होता. हे मी भाच्याला सांगितलं आणि ते चार सूर परत लावले. ह्या वेळी त्याने काही विचारलं नाही.

लोक म्हणतात हे सगळं नॉस्टॅल्जिया आहे, जुन्या पिढीचं आपल्या तरुणपणाला चिकटून बसणं. मला हे अजिबात पटत नाही. ह्यातले बहुतेक अल्बम आले तेव्हा मी जन्मलेही नव्हते किंवा पाळण्यात होते, भाच्याचा तर प्रश्नच नाही. जे आपण जगलोच नाही त्याची आठवण कशी येईल? दुसरं काहीतरी आहे. आणि ते मला कुठे कळलं ते सांगते.

हॉस्टेलवर असताना माझ्या रूममेटने मला एक कॅसेट दिली होती. तिच्या मोठ्या बहिणीने कुणाकडून तरी भरून आणलेली, वर ना बँडचं नाव ना गाण्याचं, नुसती निळ्या पेनने एक फुली. पहिल्या बाजूला शेवटी एक गाणं होतं. हळू, जड, संध्याकाळ उतरल्यासारखं सुरू व्हायचं, एक पुरुष फार थकलेल्या आवाजात गायचा, आणि साधारण चार मिनिटांनी गाणं संपलं असं वाटायचं. संपायचं नाही. खाली बेसची एक फिरती ओळ सुरू व्हायची आणि तिच्यावर गिटार एकच सूर वाजवायला लागायची. एकच. टँग, टँग, टँग. मग तो सूर किंचित वर सरकायचा. परत तेच. ड्रम्स आधी नुसते इकडेतिकडे टिचक्या मारायचे, मग त्यांचं बोलणं वाढत जायचं, बेस गुरगुरायला लागायचा, सूर अजून वर, अजून वर, माझ्या मुठी वळायच्या, आता काहीतरी होणार, आता होणार, आणि खट्. टेप संपायची.

दोन वर्षं मी ते गाणं असंच ऐकलं. पुढे काय होतं मला माहीत नव्हतं आणि विचारणार कुणाला, नावच माहीत नव्हतं. रात्री झोपताना मी मनातल्या मनात त्याचा शेवट करून बघायचे, दर वेळी वेगळा.

ते गाणं किंग क्रिमझन नावाच्या बँडचं स्टारलेस, 1974 च्या रेड अल्बमवरचं शेवटचं. एका मैत्रिणीच्या भावाकडे सीडी होती, त्याने दुसरंच काहीतरी ऐकवायला म्हणून लावली आणि मी मध्येच ओरडले की थांब, हेच ते. मग पहिल्यांदा टेप संपायची ती जागा ओलांडली. काय होतं तिथे? तो ताण फुटतो, सगळे एकदम धावत सुटतात, सॅक्सोफोन किंचाळतो, आणि त्या सगळ्या दंग्याच्या वरून अचानक ती अगदी सुरुवातीची संथ धून परत येते, तीच, पण आता पूर्ण ताकदीनं, छाती फाडून. मी रडले. वीस वर्षांची होते आणि एका अनोळखी घरात सोफ्यावर बसून रडले. आजही त्या जागेला माझ्या अंगावर काटा येतो, आणि एवढ्या वेळा ऐकून येतो म्हणजे तो धक्क्याचा नाहीये, पुढे काय येणार मला पाठ आहे. तो येतो कारण तिथपर्यंत मला चालत नेलंय. शेवटचं एक मिनिट कापून कुणी ऐकवलं तर ती नुसती एक छान धून आहे.

ह्या गाण्याची अजून एक गंमत म्हणजे बँडचा गायक आणि बेसवाला जॉन वेटन, त्याने हे आधीच्या अल्बमसाठी आणलं होतं तेव्हा बँडमधल्या दुसऱ्यांना ते विशेष आवडलं नव्हतं. मग पुढच्या अल्बममध्ये घेतलं, आणि तो अल्बम बाजारात येईपर्यंत गिटारवाल्या रॉबर्ट फ्रिपने बँडच बंद करून टाकला होता. म्हणजे ते गाणं खरोखर निरोपाचं ठरलं.

त्या गाण्याच्या सुरुवातीला जो तारवाद्यांसारखा पण किंचित आजारी, किंचित हलणारा आवाज आहे ना, तो मेलोट्रॉनचा. ह्या वाद्यावर माझा फार जीव आहे. दिसायला ऑर्गनसारखं, पण प्रत्येक पट्टीच्या खाली टेपची एक पट्टी असते आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा किंवा गाणाऱ्या माणसांचा तो एक सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते, सोडली की स्प्रिंगने मागे जाते. आणि टेप असते साधारण आठ सेकंदांची. आठ सेकंद झाले की सूर संपला, तुम्ही कितीही दाबून धरा. म्हणून वाजवणाऱ्याला बोटं सारखी बदलत ठेवावी लागतात, एक सूर मरायच्या आत दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, आणि म्हणून ते सगळं संगीत श्वास घेतल्यासारखं वाटतं. 1969 चा किंग क्रिमझनचा पहिला अल्बम ऐका, ती आभाळभर पसरलेली तारवाद्यं म्हणजे एक माणूस आठ सेकंदांशी झटतोय. आज कॉम्प्युटरवर हाच आवाज अमर्याद लांबवता येतो, आणि मला तो ऐकताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

लांब गाण्यांचंही तसंच आहे. लोकांना वाटतं ह्यांना आवरतं घेता येत नव्हतं म्हणून वीस वीस मिनिटं वाजवत बसले. पण एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची, त्याहून जास्त भरायला गेलं की खाचा जवळजवळ काढाव्या लागतात, मग आवाज बारीक होतो आणि बेस पातळ होतो. म्हणजे ती बाजू हाच कॅनव्हास होता. येसचं क्लोज टू द एज 1972 चं, जवळपास एकोणीस मिनिटं, पक्ष्यांच्या आवाजाने सुरू होऊन पक्ष्यांच्या आवाजाने संपतं, एक बाजू भरली. जेनेसिसचं सपर्स रेडी त्याच वर्षीचं, तेवीस मिनिटं. जेथ्रो टलने त्याच वर्षी दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं केलं, थिक ॲज अ ब्रिक, मध्ये उठून तबकडी उलटायला लागायची तेवढीच काय ती उसंत, आणि कव्हर म्हणून चक्क बारा पानी खोटं वर्तमानपत्र छापलं. आणि रश ह्या तिघांच्या बँडचं 2112! त्यांचा आधीचा अल्बम चालला नव्हता, कंपनी म्हणत होती की आता जरा छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी करा, आणि ह्या तिघांनी 1976 मध्ये पूर्ण एक बाजू भरून वीस मिनिटांची गोष्ट ठेवली, म्हटलं बुडायचंच आहे तर आपल्या मनासारखं करून बुडू. त्याच अल्बमने त्यांना तारलं.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. येसने 1973 मध्ये चार बाजूंना चार गाणी केली, परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचलेली, आणि मी ती खूप प्रेमाने बसून बसून ऐकलीयत, पण मधल्या दोन बाजूंत मला वाट दिसत नाही. नुसती लांबी म्हणजे काही नाही. स्टारलेसमधला तो एक सूर लांब वाटत नाही कारण प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा केसभर जड झालेला असतो.

भाच्याबरोबर सगळ्यात जास्त मजा मोजण्यात आली. त्याला मनी ऐकवलं, फ्लॉइडचंच, आणि म्हटलं पायाने ठेका धर. चार चार मोजत गेला आणि अडखळला, दर वेळी एक पाऊल चुकायचं. सात मात्रा आहेत रे बाबा. रूपकातही सातच, फक्त इथे वजन वेगळं पडतं. आणि ती सुरुवातीची नाण्यांची खळखळ, कागद फाटणं, गल्ल्याचा आवाज, ते सगळं टेपवर घेऊन, तुकडे पट्टीने मोजून कापून चिकटवले आणि त्याचं वेटोळं करून मशीनमधून फिरवलं, म्हणजे गाण्याचा ताल अक्षरशः कात्रीने बेतलाय. सॅक्सोफोनवाला बिचारा सातातच सोलो वाजवतो आणि गिटारची पाळी आली की सगळे चारात येतात, ती गिटार एवढी मोकळी वाटते त्याचं अर्धं कारण हेच. हे सांगितल्यावर त्याने तो बदल स्वतः पकडला, टेबलावर थाप मारून, "इथे!"

मग लेड झेपलिनचं कश्मीर. ह्याचे शब्द खरं तर मोरोक्कोतल्या एका सरळ, संपत नसलेल्या वाळवंटी रस्त्यावर सुचलेले, कश्मीरचा तसा संबंध नाही. त्यात ड्रम्स चारात चालतात आणि वरची ती चढत जाणारी ओळ तिनात, दोघं आपापल्या चालीनं जातात आणि बाराव्या मात्रेनंतर परत एकत्र पहिलं पाऊल टाकतात. समेवर येणं म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला ह्या गाण्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. आम्ही दोघं समोरासमोर बसलो, तो चार मोजत, मी तीन मोजत, आणि बारानंतर दोघांचा हात एकदम खाली आला तेव्हा तो जो ओरडलाय!

झेपलिनचाच विषय निघाला म्हणून व्हेन द लेव्ही ब्रेक्स पण लावलं, 1971 चं. ते ड्रम्स असे का वाटतात, डोंगर चालत आल्यासारखे? कारण ते इंग्लंडमधल्या एका जुन्या मोठ्या घरात, जिन्याच्या तळाशी ठेवले होते आणि दोन माईक वर जिन्याच्या कठड्यावरून टांगले होते. झेपलिनचा ड्रमवाला जॉन बॉनहॅम खाली वाजवतोय आणि आपण वर उभे राहून ऐकतोय. म्हणजे ते घर ऐकू येतं आपल्याला. हे कळल्यापासून ते गाणं लागलं की मला त्या जिन्यातला गारवा जाणवतो, खरंच.

शेवटच्या रात्री त्याने स्वतःहून विचारलं की एक पूर्ण अल्बम ऐकायचाय, कुठला. मी म्हटलं फ्लॉइडचाच डार्क साइड ऑफ द मून. मार्च 1973 ला आला आणि अमेरिकेच्या पहिल्या दोनशे लोकप्रिय अल्बमच्या यादीत 1988 पर्यंत एकूण चौदा वर्षांहून जास्त काळ राहिला. दिवे घालवले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवले, खाली सतरंजीवर आडवे झालो. सुरुवातीला हृदयाचे ठोके येतात, अगदी बारीक, त्याने श्वास रोखला.

मधल्या एका जागी मी मुद्दाम काही सांगितलं नाही, नंतर सांगितलं. पहिल्या बाजूच्या शेवटी पियानोवर एक बाई गाते, शब्द नाहीत, नुसता आवाज, विनवते, चिडते, थकते, मान्य करते. क्लेअर टोरी तिचं नाव. रविवारी संध्याकाळी बोलावलं, शब्द नाहीत, धून नाही, फक्त मरणाबद्दल आहे असं सांगितलं. ती गायली आणि तिला वाटलं आपण जरा जास्तच केलं, हे काही ठेवणार नाहीत. 30 पौंड घेऊन घरी गेली. नंतर दुकानात अल्बमवर आपलं नाव दिसलं तेव्हा तिला कळलं. तीस वर्षांनी ती कोर्टात गेली, 2005 मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गाण्याच्या रचनेत तिचंही नाव लागतं. मला ह्याचा फार आनंद आहे, कारण ते गाणं तिचंच आहे, जो कुणी ऐकेल त्याला हे लगेच कळतं.

ते गाणं चालू असताना भाचा एकदम कुशीवर वळला, भिंतीकडे तोंड करून. मी काही बोलले नाही.

त्रेचाळीस मिनिटांनी सगळं आटोपतं आणि पुन्हा ते हृदयाचे ठोके उरतात, सुरुवातीला होते तेच, आणि हळूहळू लांब जायला लागतात. मला वाटलं झोपला असेल. तर अंधारात चाचपडत उठला, स्पीकरपाशी गेला आणि आवाज वाढवला. मी म्हटलं, अरे संपलंय आता.

"थांब ना," म्हणाला. "शेवटचा ठोका कुठला ते ऐकायचंय."